अश्वसंगत आणि मनाचे घाव

शेतकऱ्याच्या घरीं जनावर आजारी पडलें तर चार शेजारी धांवून येतात. कोणी काढा सांगतो, कोणी ढोरांच्या दवाखान्याची वाट दाखवितो. माणसाचा हात मोडला तर तोही कोणी लपवून ठेवीत नाहीं. परंतु माणसाचें मन मोडलें म्हणजे मात्र आपण दार लोटून घेतों. हें दुखणें दिसत नाहीं, त्यास पट्टी बांधतां येत नाहीं, आणि चारचौघांत त्याचा उच्चार केल्यास घराण्यास कमीपणा येतो अशी आपली समजूत. आमचें सारें आयुष्य महसुली कारकुनींत गेलें. दुष्काळाच्या, अवकाळी पावसाच्या आणि कर्जाच्या कागदांतून अशीं किती तरी घरें आमच्या नजरेखालून गेलीं. पण रकाने भरण्यापलीकडे आम्हीं त्यांचा विचार केला नाहीं, हें प्रथमच कबूल केलेलें बरें. पुढें तेंच दुखणें आमच्या घरांत आलें. त्या निमित्तानें, घोड्याच्या सहवासानें मनाचे घाव भरून येण्यास कशी मदत होते, हा विषय आम्हांस पाहावा लागला. जें वाचलें व जें डोळ्यांनीं पाहिलें तें येथें वाचकांपुढें मांडीत आहों.

घरांतील हकीकत

आमचे वडील बंधू शेती पाहतात. त्यांचा मुलगा सतरा वर्षें फौजेंत नोकरी करून पेन्शनीवर घरीं आला. आला तो अंगानें धडधाकट, पण निराळाच माणूस होऊन. सरहद्दीवर त्याच्या शेजारचा जवान त्याच्या देखत गेला होता, एवढेंच आम्हांस ठाऊक. तो स्वतः त्याविषयीं अवाक्षर काढीत नसे. रात्रीं दोन वाजतां उठून अंगणांत येरझाऱ्या घाली. वरातींत फटाका वाजला कीं भिंतीस पाठ लावून उभा राही. पुढचें ताट तसेंच पडून असे. त्याच्या लहान मुलीनें एकदां मागून येऊन गळ्यांत हात टाकले, तों त्यानें तिला असें झिडकारलें कीं ती पोर चार दिवस त्याच्या वाऱ्यास उभी राहिली नाहीं. आणि तो मात्र तीं चार दिवस गोठ्यामागें जाऊन बसे. एके दिवशीं आमच्या वहिनींनीं कोणास न सांगतां फवारणीच्या औषधाचे डबे उचलून पेटींत घातले, पेटीस कुलूप लावलें आणि किल्ली कमरेस खोवली. त्या कुलपाचा अर्थ आम्हां सर्वांस कळला. बोललें मात्र कोणीच नाहीं.

आम्हीं काय केलें? जें तीस वर्षें कचेरींत केलें तेंच. पुतण्यास समोर बसविलें आणि ‘मन घट्ट कर, झालें गेलें विसर, पोरीकडे पाहा’ असा जणूं हुकूमच काढला. हुकूम काढला म्हणजे काम झालें, ही आमची जुनी खोड. तो ‘बरं, तात्या’ म्हणाला आणि उठून गेला. अखेरीस त्यास जिल्ह्याच्या ठिकाणीं मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे नेलें. औषध सुरू झालें, झोप थोडी येऊं लागली. परंतु तोंड कांहीं उघडेना.

लंगडी घोडी

कार्तिकांत धनगरांचे वाडे कोंकणच्या वाटेस लागतात. करडें, कोंकरें, तवा, परात, कोंबड्या असा सारा संसार घोड्यांच्या पाठीवर लादून ही मंडळी घाट उतरतात आणि पावसाच्या तोंडावर देशावर परत येतात. त्यांचीं हीं घोडीं भीमथडीचीं, लहान चणीचीं, काटक व थोड्या चाऱ्यावर राहणारीं. आमच्या रानांत दरसाल मेंढरें बसवितात. त्या वर्षीं वाडा निघावयाच्या वेळीं एका घोडीच्या पुढच्या उजव्या खुरांत कांटा मोडून आंत पू झाला होता. घोडी लादण्याजोगी नव्हती आणि वाडा थांबण्याजोगा नव्हता. धनगर आमच्या बंधूंस म्हणाला, “दादा, आम्ही परत येईस्तोंवर हिला ठेवून घ्या. जगली तर आमची, मेली तर देवाची.”

घोडी दुखण्यानें चिडलेली. कान मागें पाडून, जवळ येईल त्यावर दांत उगारी. गडीमाणसांनीं अंग काढून घेतलें. ढोरांच्या डॉक्टरांनीं दोघां-तिघांच्या मदतीनें खूर कोरून पू काढला व धनुर्वाताची सुई टोंचली. (घोड्यास धनुर्वात फार लवकर धरतो आणि खुरांतील खोल जखम ही त्याची नेहमींची वाट आहे, हें घोडीं बाळगणाऱ्यांनीं विसरूं नये.) रोज दोन वेळ कोमट मिठाच्या पाण्यांत खूर शेकावें, पुसून पट्टी बांधावी, जागा कोरडी ठेवावी, असें सांगून ते गेले. सांगणें सोपें, पण घोडी पाय हातांत देईल तेव्हां ना! आणि दिवसभर रिकामा असा घरांत एकच इसम होता.

पहिल्या दिवशीं पुतण्या फौजी ताठ्यानें गेला, दावें आंवळून धरलें आणि खूर उचलावयास वांकला. घोडीनें त्यास धडक देऊन भुईवर पाडलें. दुसऱ्या दिवशीं तीच गत. त्याच आठवड्यांत डॉक्टरांची भेट होती. तेथें बंधूंनीं हें हंसत सांगितलें. डॉक्टर मात्र हंसले नाहींत. ते म्हणाले, “घोडी राहूं द्या त्याच्याकडेच. परदेशांत अशा सैनिकांस मुद्दाम घोड्यांजवळ नेतात.” त्यावरून आम्हीं या विषयाचे कागद जमविण्यास आरंभ केला.

घोडा माणसास कसा ओळखतो

घोडा हें शिकार करणारें जनावर नव्हे, शिकार होणारें जनावर आहे. हजारों वर्षें मोकळ्या माळावर जीव वांचविण्याचें त्याचें एकच साधन, तें म्हणजे धोका आधीं ओळखणें आणि पळणें. म्हणून त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस आहेत. अगदीं नाकासमोरची थोडी जागा आणि पाठीमागची जागा सोडली तर त्यास भोंवतालचें बहुतेक सर्व दिसतें. त्याचे कान एकमेकांपासून निराळे, वाटेल त्या दिशेस फिरतात. कळपांतील एकाची मान वर झाली कीं सर्वांच्या माना वर होतात. शेजाऱ्याचें अंग ताठलें आहे कीं सैल आहे, हें वाचणें म्हणजेच त्याचें जगणें. तीच नजर तो माणसावरही ठेवतो.

ही केवळ घोडेवाल्यांची समजूत नव्हे. स्वीडनच्या कृषि-विद्यापीठांतील संशोधकांचा एक प्रयोग २००९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत माणसांनीं घोड्यास एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत चार वेळां न्यावयाचें होतें. चौथ्या खेपेपूर्वीं त्यांस सांगितलें कीं या वेळीं घोड्यासमोर एकाएकीं छत्री उघडण्यांत येईल. छत्री मुळींच उघडली नाहीं. तरीही त्या खेपेस माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि त्यांबरोबर घोड्यांचेही वाढले. घोड्यास छत्रीची वार्ता कोणी सांगितली नव्हती. त्यास धाक कळला तो माणसाकडून. पुढें २०१६ सालीं इंग्लंडांतील ससेक्स विद्यापीठांतील संशोधकांनीं २८ घोड्यांस अनोळखी पुरुषांचीं छायाचित्रें दाखविलीं. रागीट चेहऱ्याकडे घोडे अधिककरून डाव्या डोळ्यानें पाहत आणि त्यांच्या हृदयाची गति अधिक लवकर वाढे. हंसऱ्या चेहऱ्यापुढें तसें होत नसे.

कुत्रा आणि घोडा यांत येथेंच भेद आहे. धनी रागावलेला असो कीं भेदरलेला असो, कुत्रा शेपूट हलवीत येतो. घोडा तसा येत नाहीं. आंतून खवळलेला माणूस वरून कितीही गोड बोलला तरी घोडा मागें सरतो. आणि तोच माणूस खरोखर निवळला कीं मान खालीं घालतो, ओठ चाटतो, जबडा हलवितो, एक मागचा पाय सैल सोडून उभा राहतो. त्यास खोटी शांति दाखवून चालत नाहीं. तिचा उपयोग साहेबापुढें होतो, शेजाऱ्यापुढें होतो, प्रसंगीं डॉक्टरापुढेंही होतो.

आतां हा आरसा दुखावलेल्या मनास कसा उपयोगी पडतो तें पाहूं. भयंकर प्रसंगांतून गेलेल्या माणसाचें शरीर, प्रसंग संपल्यावरही पहाऱ्यावरच राहतें. डॉक्टर लोक यास आघातोत्तर ताणाचा विकार म्हणतात. झोप उडते, लहानशा आवाजानें अंग दचकतें, माणूस आपल्याच माणसांस दूर लोटतो. घोडाही सदा पहाऱ्यावर असतो. परंतु धोका टळल्याची खात्री पटतांच तो पुन्हां मान खालीं घालून चरूं लागतो. हा पहारा उतरविण्याचा गुण दुखावलेला माणूस विसरलेला असतो. घोड्याजवळ उभें राहावयाचें तर त्यास आपला श्वास लांबवावा लागतो, मूठ सैल करावी लागते, चाल मंद करावी लागते. आणि हें साधलें कीं नाहीं तें घोडा तत्क्षणीं सांगतो. उपदेशानें जें होत नाहीं तें या रोजच्या कसोटीनें हळूहळू अंगवळणीं पडतें.

परदेशांतील प्रयत्न

घोड्यावर बसून शरीरास येणारा गुण लोकांस बराच आधीं पटला होता. डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंस १९४४ सालीं पोलिओ झाला व गुडघ्याखालील पायांची शक्ति गेली. घोड्यावर चढण्याउतरण्यास दुसऱ्याचा हात लागत असतांही त्यांनीं १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिक सामन्यांत अश्वारोहणांत रौप्यपदक मिळविलें. या उदाहरणानें युरोप-अमेरिकेंत अपंगांसाठीं अश्वारोहणाच्या चळवळीस मोठा जोर आला. मनाच्या दुखण्याची रीत मात्र निराळी. तींत बहुधा घोड्यावर बसावयाचेंच नसतें. भुईवर उभें राहून त्यास पाहणें, खरारा करणें, दावें धरून चालविणें, एवढेंच काम असतें.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठानें लढाईवरून परतलेल्या सैनिकांसाठीं अशी पद्धति आंखली व तिला मॅन ओ’ वॉर या गाजलेल्या शर्यतीच्या घोड्याचें नांव दिलें. आठवड्यास एक याप्रमाणें दीड-दीड तासाच्या आठ बैठकी, बरोबर मनाचा वैद्य एक आणि घोड्यांचा जाणकार एक, अशी ती योजना. ६३ माजी सैनिकांवरील तिचे निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाले. बैठकी मध्येंच सोडून जाणारे थोडेच निघाले. आणि तीन महिन्यांनीं पुन्हां तपासलें तेव्हां सुमारें निम्म्या लोकांचीं लक्षणें बरींच उतरलेलीं आढळलीं. येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. घोड्यावांचून ठेवलेली दुसरी टोळी तुलनेस घेतलेली नव्हती. तेव्हां गुण किती घोड्याचा आणि किती सोबतीचा, हें या एका प्रयोगानें ठरत नाहीं. निम्म्यांस तितका गुण आला नाहीं, हेंही विसरूं नये.

दुसरें उदाहरण तुरुंगाचें. शर्यतींतून बाद झालेल्या घोड्यांची सोय लावण्यासाठीं ‘थरोब्रेड रिटायरमेंट फाउंडेशन’ ही संस्था निघाली. तिनें १९८४ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील वॉलकिल येथील तुरुंगाशीं करार केला. सरकारनें जमीन व कैद्यांचे श्रम द्यावे. संस्थेनें घोडे आणून कैद्यांस घोड्यांची निगा करण्याची विद्या शिकवावी. एका बाजूस जगानें निरुपयोगी ठरविलेलें जनावर, दुसऱ्या बाजूस तसाच ठरविलेला माणूस. हें वाचलें तेव्हां आमच्या अंगणांतील दोघांची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं.

पुन्हां आमच्या अंगणांत

तिसऱ्या दिवशीं पुतण्यानें दावें आंवळण्याचा नाद सोडला. घमेलें पालथें घालून घोडीच्या टप्प्याबाहेर नुसता बसून राहिला. ना बोलणें, ना चुचकारणें. घोडीचे कान मागें होते ते मागेंच. दुसऱ्या दिवशीं घमेलें हातभर पुढें सरकलें. असें आठ दिवस चाललें. आम्ही ओसरीवरून पाहत होतों आणि खरें सांगावयाचें तर मनांत चरफडत होतों, कीं खूर सडत चाललें आणि हा बसून काय राहतो! नवव्या दिवशीं घोडीनें मान लांबवून त्याच्या खांद्याचा वास घेतला. तो हलला नाहीं. मग बऱ्याच वेळानें त्यानें तिच्या मानेवर हात ठेवला, तो पाठीवरून पायापर्यंत हळूहळू नेला, आणि तिनें पाय उचलून दिला.

त्यानंतर रोज दोन वेळ खूर शेकणें सुरू झालें. आमच्या ध्यानांत एक गोष्ट येऊं लागली. ज्या दिवशीं त्याची रात्र वाईट गेलेली असे, त्या सकाळीं घोडी त्यास जवळ येऊं देत नसे. घरांतील आम्हां पांच माणसांस जें कळलें नव्हतें तें तिला कळे. मग तो दोन पावलें मागें सरे, डोळे मिटून लांब श्वास सोडी, हात झटकून सैल करी आणि पुन्हां जाई. एकदां आम्हीं त्यास विचारलें, “अरे, हें काय करतोस?” तो म्हणाला, “तात्या, तिला हुकूम कळत नाहीं. मी आधीं खालीं बसलों तरच ती बसते.” ‘खालीं बसणें’ म्हणजे आंतलें खालीं बसणें, हें आम्हांस मागाहून उमगलें. तीस वर्षें हुकूम काढणाऱ्यास तें थोडें लागलेंही.

खूर शेकण्यास अर्धा तास लागे. त्या अर्ध्या तासांत तो घोडीशीं बोलूं लागला. प्रथम एखाद-दुसरा शब्द, मग सारी हकीकत. गोठ्याच्या भिंतीआड वहिनी शेण्या लावीत होत्या. त्यांनीं तें ऐकलें आणि पदर तोंडास लावून तशाच बसून राहिल्या. त्यानें काय सांगितलें तें येथें लिहिणें योग्य नव्हे. पुढच्या भेटींत तेंच त्यानें डॉक्टरांस सांगितलें, आणि तेथून खरा उपचार मार्गास लागला, असें डॉक्टरांचेंच मत आहे.

माघांत त्याची मुलगी गुळाचा खडा घेऊन घोडीकडे जाऊं लागली. बापानें तिला शिकविलें कीं घोड्याच्या मागून कधीं जाऊं नये; त्यास दिसेल अशा बाजूनें जावें, जाण्यापूर्वीं आवाज द्यावा, आणि खडा उघड्या तळहातावर धरावा. पोर हुशार. तिनें घोडीचा नियम बापास लावला. तो पाठमोरा बसलेला असला कीं ती लांबूनच म्हणे, “बाबा, मी येत्यें हं, डाव्या बाजूनें.” आणि मग येऊन बिलगे. तो दचकत नसे. मुलीस हें कोणीं सांगितलें नव्हतें. आम्हां थोरांस इतक्या दिवसांत हें सुचलें नाहीं.

ज्येष्ठ लागण्याच्या सुमारास वाडा परत आला. घोडी सरळ चालत होती. आमच्या बंधूंनीं तिची किंमत देऊं केली. पण धनगराच्या संसाराचें ओझें तिच्यावर, तो कसा देणार? पुतण्यानेंच दावें हातीं घेतलें आणि दोन कोस चालत जाऊन ती वाड्यावर पोंचविली. आतां काय होतें या धास्तीनें घर त्या रात्रीं जागें होतें. तो उशिरां आला, भाकरी मागितली, जेवला. पुढें कधीं कधीं त्याची झोप उडते. मग तो गोठ्यांत जाऊन बैलांच्या पाठीवर हात फिरवीत बसतो. डॉक्टरांकडे जाणें चालू आहे. पूर्ण बरा झाला असें आम्ही म्हणत नाहीं. घरांत परत आला, एवढें म्हणतों.

वाचकांस चार शब्द

यावरून कोणीं असा ग्रह करूं नये कीं मनाच्या दुखण्यावर घोडा विकत घ्यावा आणि डॉक्टरांस रजा द्यावी. आमच्या घरीं औषध एक दिवसही बंद नव्हतें. घोडें पोसणें खर्चाचें काम आहे, आणि बिथरलेलें घोडें जीवावर उठतें. ज्यांच्या घरीं तें आहे त्यांनीं शांत जनावर निवडावें, जाणकार माणूस जवळ असावा, लहान मुलांस एकटें सोडूं नये, आणि जनावरालाही विसावा द्यावा. सारा दिवस माणसाचें दुःख वाहणें हेंही ओझेंच आहे.

ज्यांच्या घरीं घोडें नाहीं त्यांनींही यांतून इतकें घ्यावें. मोडलेल्या माणसास हुकूम करूं नये. घमेलें पालथें घालून त्याच्याजवळ बसावें, आणि रोज हातभरच पुढें सरकावें. त्याच्या हातांस असें काम द्यावें कीं ज्यांत दुसऱ्या एका जिवाची निगा आहे. झोप, भूक आणि बोलणें हीं तिन्ही उडालेलीं दिसतांच डॉक्टरांकडे न्यावें, लाजूं नये. सरकारनें २०२२ सालीं ‘टेलि-मानस’ ही सोय सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन केल्यास मनाच्या दुखण्याविषयीं जाणत्या माणसाशीं बोलतां येतें, आणि त्यास पैसे पडत नाहींत. हा आंकडा सातबाराच्या उताऱ्याइतकाच जपून ठेवावा.

आणि फवारणीचीं औषधें कुलपांत ठेवावीं. वहिनींची ती पेटी आमच्या घरीं अद्याप आहे, कुलूपही आहे. आतां मात्र त्याविषयीं घरांत उघड बोललें जातें, आणि संध्याकाळीं कुलूप लागलें कीं नाहीं तें पाहण्याचें काम पुतण्यानें आपण होऊन अंगावर घेतलें आहे.